नदीच्या शुद्धतेचा सौदा व शेतकऱ्याचा वांटा

नदीचें पाणी कोणामुळें बिघडतें असा प्रश्न निघाला म्हणजे शेतकरी शहराकडे व कारखान्याकडे बोट दाखवितो, आणि शहरवाले शेताकडे दाखवितात. दोघांचेंही म्हणणें कांहीं अंशीं खरें आहे. शहराचें मैलापाणी एका ठराविक तोंडानें नदींत पडतें. तें डोळ्यांस दिसतें, मोजतां येतें, व त्याबद्दल कोणास जबाबदार धरावयाचें हेंही ठरवितां येतें. शेतांतून वाहून जाणारें पाणी मात्र शेंकडों बांधांवरून, चरांतून व ओघळींतून नदीस मिळतें. त्याबरोबर वरच्या थरांतील कसदार माती जाते, मातीस चिकटून स्फुरद जातो, आणि पाण्यांत विरघळून नत्र जातो. ज्या खतास शेतकऱ्यानें रोख पैसे मोजले तें खत पिकाच्या मुळांशीं न राहतां नदींत जाऊन शेवाळ वाढवितें. तें शेवाळ मरून कुजूं लागलें म्हणजे पाण्यांतील प्राणवायु संपतो, मासे मरतात, व पाणी पिण्याच्या कामाचें राहत नाहीं.

हें शेताचें व नदीचें दुहेरी नुकसान थांबविण्याकरितां कांहीं देशांत एक निराळाच उपाय योजण्यांत आला आहे. शहरानें मैलापाणी शुद्ध करण्याची महागडी यंत्रसामग्री वाढविण्याऐवजीं नदीच्या वरच्या अंगास असलेल्या शेतकऱ्यांस पैसे द्यावे, शेतकऱ्यांनीं त्या पैशांत आपल्या शेतांतून जाणारा मळ कमी करावा, आणि जितका मळ शेतांत अडला तितका शहराच्या नांवें जमा धरावा, असा हा सौदा आहे. अशा जमेच्या एककास तिकडे क्रेडिट म्हणतात. या सौद्यांत शेतकरी आरोपी म्हणून उभा न राहतां विक्रेता म्हणून उभा राहतो. म्हणून त्याची हकीकत आमच्या वाचकांनीं समजून घेण्यासारखी आहे. परंतु शहाणा विक्रेता आपला माल कोणता, त्याचें माप कोणाच्या हातीं, आणि गिऱ्हाईक किती दिवस टिकेल, हें आधीं पाहतो. याच तीन प्रश्नांच्या अनुरोधानें प्रस्तुत लेखांत या पद्धतीचा विचार केला आहे.

कल्पनेचा उगम

१९६८ सालीं टोरोंटो येथील अर्थशास्त्रज्ञ जॉन डेल्स यांनीं आपल्या ग्रंथांत असें सुचविलें कीं, एखाद्या नदींत किंवा सरोवरांत एकंदर किती मळ सोडूं द्यावयाचा याची मर्यादा सरकारनें ठरवावी, त्या मर्यादेचे भाग पाडून ते हक्क म्हणून द्यावे, आणि ते हक्क विकण्याची व विकत घेण्याची मोकळीक ठेवावी. म्हणजे ज्यास मळ कमी करणें स्वस्त पडतें तो अधिक कमी करील व उरलेला हक्क विकील. ज्यास तें महाग पडतें तो हक्क विकत घेईल. आणि नदींत जाणारा एकंदर मळ मर्यादेबाहेर जाणार नाहीं.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७२ च्या कायद्यानें शहरांस व कारखान्यांस परवान्यावांचून नदींत सांडपाणी सोडण्याची मनाई झाली. शेतांवरून पावसानें वाहून जाणाऱ्या पाण्यास मात्र असा परवाना लागू झाला नाहीं. परिणाम असा झाला कीं, शहरांनीं पुष्कळ पैसा खर्चून आपला मळ बराच कमी केला, पण त्यापुढील प्रत्येक पौंड कमी करणें त्यांस अधिकाधिक महाग पडूं लागलें. आणि शेतांवरील पौंड, जो थोडक्या खर्चांत अडवितां आला असता, तो तसाच वाहत राहिला. या विषमतेमुळेंच सौद्यास जागा झाली. विस्कॉन्सिन संस्थानांतील फॉक्स नदीवर १९८१ सालीं कागदाच्या गिरण्या व शहरें यांच्यामध्यें असा एक आरंभीचा प्रयोग झाला. परंतु नियमांच्या जंजाळामुळें पहिल्या कांहीं वर्षांत त्यांत एकच सौदा घडला. पुढें २००३ सालीं तेथील मध्यवर्ती पर्यावरण खात्यानें या पद्धतीचें धोरण जाहीर केलें, आणि अशा प्रयोगांस जोर आला. त्यांपैकीं ओहायो संस्थानांतील ग्रेट मियामी नदीचा प्रयोग शेतकऱ्याच्या दृष्टीनें विशेष पाहण्यासारखा आहे.

मियामीचें खोरें

ग्रेट मियामी नदी ओहायोच्या नैर्ऋत्य भागांतून, डेटन व हॅमिल्टन या शहरांवरून वाहत जाऊन, ओहायो नदीस मिळते. तिचें पाणलोट क्षेत्र सुमारें ४,००० चौरस मैल असून त्यांतील शेंकडा ७० च्या सुमारास जमीन शेतीखालीं आहे. मका व सोयाबीन हीं तेथील मुख्य पिकें होत.

नदीचा विचार एकत्र मिळून करण्याची या खोऱ्यास जुनी सवय आहे. मार्च १९१३ मध्यें आलेल्या महापुरांत तेथें ३६० हून अधिक माणसें दगावलीं. त्यानंतर लोकांनीं २० लाख डॉलरांहून अधिक वर्गणी जमविली, आर्थर मॉर्गन या एंजिनियराकडून संबंध खोऱ्याची योजना तयार करविली, १९१४ सालीं त्याकरितां कायदा करून घेतला, आणि १९१५ सालीं मियामी कॉन्झर्व्हन्सी डिस्ट्रिक्ट नांवाचें मंडळ स्थापिलें. या मंडळानें १९२२ पर्यंत पांच कोरडीं धरणें बांधलीं. कोरडीं म्हणण्याचें कारण असें कीं, त्यांच्या तळाशीं कायमचीं उघडीं द्वारें आहेत. एरवीं नदी त्यांतून सुखानें वाहते. पूर आला म्हणजेच जादा पाणी मागें तुंबतें व हळूहळू निघून जातें. पूर नसतांना धरणामागील जमिनींत पिकें घेतलीं जातात. ज्यांच्या मिळकतींस संरक्षण मिळालें त्यांच्यावर फायद्याच्या प्रमाणांत खर्चाची आकारणी झाली. वरच्यानें पाण्यास जागा द्यावी, खालच्यानें पैसा द्यावा, आणि मध्यें दोघांच्या विश्वासाचें मंडळ असावें, हा धडा या खोऱ्यानें पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न निघण्यापूर्वींच गिरवून ठेवला होता. पुढील सौद्यास याच मंडळाचा आधार मिळाला.

खर्चाचा ताळा

या खोऱ्यांत सांडपाणी शुद्ध करण्याचीं लहानमोठीं तीनशेंहून अधिक केंद्रें आहेत. स्फुरद व नत्र यांवर कडक मर्यादा येणार अशीं चिन्हें दिसूं लागलीं, तेव्हां २००४ सालीं मंडळानें खर्चाचा अंदाज करविला. वीस वर्षांचा हिशेब धरतां, केंद्रांची यंत्रसामग्री वाढविण्यास सुमारें ४२ कोटि डॉलर लागतील, आणि तेंच काम शेतांवर मळ अडवून केल्यास ४ कोटि डॉलरांहूनही कमी लागतील, असें त्यांत दिसून आलें.

एवढें अंतर कां पडावें? शहराच्या केंद्रांतून निघणारें पाणी आधींच बरेंच निवळलेलें असतें. त्यांत राहिलेला थोडासा स्फुरद काढण्यास रसायनें, नव्या टाक्या, वीज आणि कुशल नोकर लागतात. उलट, उताराच्या शेताच्या खालच्या कडेस गवताचा एक रुंद पट्टा राखला तर वाहती माती तेथेंच निवते. सुगीनंतर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर राय किंवा तत्सम पीक पेरून ती झांकली तर शिल्लक राहिलेला नत्र त्या पिकाच्या अंगीं लागतो. गुरांच्या वाड्यांतून वाहणारें पाणी ओढ्यास जाण्यापूर्वीं अडवून खतांत मुरविलें तर खतही वांचतें. या सर्व गोष्टी शेतकऱ्याच्या ओळखीच्या आहेत. उणीव असते ती पहिल्या दोन-तीन वर्षांच्या खर्चाची व जोखमीची.

उलटा लिलाव

मंडळाची योजना २००५ सालीं तयार झाली व पुढील वर्षापासून तिच्या फेऱ्या सुरू झाल्या. डेटनसारख्या कांहीं शहरांनीं व सांडपाण्याच्या संस्थांनीं पैसा दिला. मध्यवर्ती शेतकी खात्याचें अनुदानही मिळालें. माल विकत घेण्याची रीत लिलावाची होती, परंतु लिलाव उलटा. आपल्या आडतींत जो जास्त बोलतो त्यास माल मिळतो; येथें जो कमी मागतो त्याचें काम आधीं घेतलें जातें.

रीत येणेंप्रमाणें. आपल्या तालुक्यासारखा जो विभाग तिकडे काउंटी म्हणून ओळखला जातो, त्या प्रत्येकांत माती व पाणी यांच्या संधारणाची एक कचेरी असते, आणि तिच्यावर स्थानिक लोकांनीं निवडून दिलेलें मंडळ असतें. शेतकरी त्या कचेरींत जाऊन आपण कोणता बदल करूं इच्छितों, किती एकरांवर, किती वर्षें आणि किती पैशांत, हें सांगतो. कचेरीचा माणूस शेत पाहून, उतार व माती विचारांत घेऊन, त्या बदलानें किती पौंड स्फुरद व नत्र अडेल याचा हिशेब मांडतो. एक पौंड अडला म्हणजे एक क्रेडिट. मागितलेली रक्कम पौंडांच्या संख्येनें भागली कीं बोलीचा दर निघतो. समजा, एकानें पांच वर्षांच्या गवती पट्ट्यास १,००० डॉलर मागितले व त्यानें ८०० पौंड अडणार असतील, तर त्याचा दर सव्वा डॉलर झाला. दुसऱ्यानें ६०० डॉलरच मागितले, पण अडणार ३०० पौंड, तर त्याचा दर दोन डॉलर झाला. रक्कम मोठी असूनही पहिल्याचें काम आधीं मंजूर होतें. याप्रमाणें पैसा पुरेल तेथवर बोल्या मंजूर केल्या जात.

शेतकऱ्याचा करार त्याच्या परिचयाच्या स्थानिक कचेरीशीं होत असे. काम झालें कीं नाहीं हें पाहण्यास तीच माणसें बांधावर येत, जीं पूर्वींपासून चर व निचरा यांच्या कामांत त्यास सल्ला देत आलीं होतीं. या लहानशा दिसणाऱ्या व्यवस्थेचें महत्त्व फार आहे. शहराचा अधिकारी थेट शेतावर आला असता तर किती शेतकऱ्यांनीं फाटक उघडलें असतें, याची शंकाच आहे.

एकास दोन, एकास तीन

शहरानें एक पौंड मळ सोडावा व शेतांत एक पौंड अडवावा, इतक्यानें हिशेब पुरा होत नाहीं. शहराचा पौंड मापून घेतलेला असतो. शेताचा पौंड अंदाजानें काढलेला असतो. एखाद्या वर्षीं मोठी वृष्टि झाली तर पट्टा वाहून जाईल, किंवा पेरलेलें पीक उगवणार नाहीं. म्हणून अशा सौद्यांत बहुधा एकास एकाहून अधिक असें प्रमाण लावतात. मियामीच्या योजनेंत जीं केंद्रें कायद्याची सक्ति होण्यापूर्वींच पैसा देऊन सामील झालीं त्यांस, नदीचा त्यांच्याकडील भाग चांगल्या स्थितींत असल्यास एकास एक आणि बिघडलेला असल्यास एकास दोन, असें प्रमाण होतें. मागाहून येणारांस तेंच एकास दोन व एकास तीन ठेवलें होतें. आधीं येणारास सवलत व उशिरा येणारास भार, असा त्यांतील हेतु होता.

दुसरा नियम असा कीं, ज्या शेतांत मळ अडवावयाचा तें शेत खरेदीदार शहराच्या वरच्या अंगासच असलें पाहिजे. खालच्या अंगास मळ अडवून वरच्या गांवांस कांहीं लाभ नाहीं. तिसरी तजवीज विम्याची. कांहीं क्रेडिटें मंडळानें शिलकींत ठेवावीं, व एखाद्या शेतावरील काम फसलें तर तूट त्यांतून भरून काढावी. या तजविजींमुळें एका शेतकऱ्याच्या अपयशानें सर्व व्यवहार कोसळण्याची भीति कमी झाली.

फळ काय मिळालें

पहिल्या आठ-नऊ वर्षांत सुमारें चारशें शेतकामें मंजूर झालीं, आणि त्यांच्या मुदतींत मिळून अकरा लाख पौंडांहून अधिक स्फुरद व नत्र अडेल असा हिशेब झाला. सरासरी दर पौंडास दोन डॉलरांच्या आंतच राहिला. म्हणजे शेतकरी पुढें येतील कीं नाहीं, व दर परवडेल कीं नाहीं, या दोन्ही शंका फिटल्या.

तथापि पुढील भाग वाचकांनीं लक्षपूर्वक पाहावा. ज्या कडक मर्यादा येणार म्हणून शहरांनीं पैसा घातला होता त्या मर्यादा अपेक्षेप्रमाणें आल्याच नाहींत. मर्यादा नाहीं म्हणजे निकड नाहीं. निकड नाहीं म्हणजे नवें गिऱ्हाईक नाहीं. विक्रेते तयार, मध्यस्थ विश्वासू, माल स्वस्त, असें असूनही बाजार वाढला नाहीं. बाजार उभा राहतो तो मालाच्या गुणावर नसून खरेदीदाराच्या गरजेवर. आणि नदीच्या शुद्धतेची गरज शहरास वाटावयास कायद्याची मर्यादा लागते. मियामीच्या अनुभवाचें सार हेंच होय.

साखर कारखान्याचा दाखला

मर्यादा आधीं आली तर काय होतें, याचें उदाहरण मिनेसोटा संस्थानांत सांपडतें. तेथील रेनव्हिल गांवाजवळ बीटपासून साखर करणारा एक सहकारी कारखाना असून त्याचे मालक बीट पिकविणारे शेतकरीच आहेत. प्रवरेच्या कांठीं १९५० च्या सुमारास ज्या तत्त्वावर आपल्याकडील सहकारी साखर कारखान्यांचा पाया पडला, त्याच तत्त्वावर तो चालतो. मिनेसोटा नदींत स्फुरद आधींच फार झाल्यामुळें या कारखान्यास नव्यानें सांडपाणी सोडण्याचा परवाना सहज मिळणें शक्य नव्हतें. १९९९ सालीं परवाना मिळाला तो अशा अटीवर कीं, कारखान्यानें जितका स्फुरद सोडावा त्याच्या २.६ पट स्फुरद शेतांवर अडवावा. त्यांतील एक पट सोडलेल्या स्फुरदाची भरपाई, ०.६ पट अंदाजांतील चुकीसाठीं, आणि उरलेला एक पट नदीची स्थिति पूर्वींपेक्षां सुधारावी म्हणून.

काम मुख्यतः सभासदांच्याच शेतांत झालें. वसंत ऋतूंत बीटच्या पेरणीच्या वेळीं जमीन उघडी असते व वारा व पाऊस तिची धूप करतात. म्हणून बीटबरोबर ओट किंवा गहू यांसारखें धान्य विरळ पेरून कोवळ्या रोपांस व मातीस आसरा द्यावयाचा, आणि बीट वाढीस लागलें म्हणजे तें धान्य मारून टाकावयाचें. येथें खरेदीदार व विक्रेता एकाच घरचे होते. कारखान्याचा परवाना टिकला तरच बीटला गिऱ्हाईक टिकणार, हें प्रत्येक सभासदास ठाऊक होतें. म्हणून नदीची अट ही त्यांच्या शेतीचीच अट झाली.

हंटर नदीवरील मिठाचा हिशेब

दुसरें उदाहरण ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स प्रांताचें आहे. त्यांत शेतकरी विक्रेता नाहीं. परंतु पक्क्या मर्यादेपासून त्यास कसा लाभ होतो हें त्यांत उत्तम दिसतें. हंटर नदीच्या खोऱ्यांत कोळशाच्या खाणी व वीज उत्पन्न करणारे कारखाने आहेत, आणि नदीच्याच पाण्यावर बागाईत करणारे शेतकरीही आहेत. खाणींतून उपसलेलें पाणी खारट असतें. तें नदींत सोडल्यामुळें बागाइतदार व खाणवाले यांच्यामध्यें तंटे होऊं लागले. तेव्हां १९९५ सालीं एक योजना प्रयोगादाखल सुरू झाली व २००२ सालीं तिला कायद्याचें स्वरूप मिळालें.

योजनेचें तत्त्व साधें आहे. नदींत पाणी कमी असेल तेव्हां खारट पाण्याचा थेंबही सोडावयाचा नाहीं. पाणी भरपूर असेल तेव्हां ठरलेल्या मापानें सोडावयाचें. मोठ्या पुरांत हात बराच मोकळा. माप म्हणजे पाण्याची विद्युत्-वाहकता. माती-परीक्षणाच्या कागदावर क्षारतेचा जो आकडा असतो त्याच जातीचा हा आकडा. सिंगलटन येथें तो ९०० मायक्रोसीमेनच्या वर जाऊं द्यावयाचा नाहीं. या मर्यादेंत मावेल तितक्या क्षाराचे १,००० भाग केले आहेत, व प्रत्येक क्रेडिटास त्या त्या दिवशींच्या एकंदर क्षाराचा हजारावा भाग सोडण्याचा हक्क आहे. नदीच्या प्रवाहाचेही दिवसागणिक गट पाडून त्यांस क्रमांक दिले आहेत. कोणी, कोणत्या गटांत, किती क्षार सोडावा हें त्यावरून ठरतें. ज्या खाणीस त्या दिवशीं हक्क नको असेल ती दुसरीस विकते. क्रेडिटें कायमचीं कोणाच्या मालकीचीं होत नाहींत. त्यांची मुदत दहा वर्षांची असून दर दोन वर्षांनीं २०० क्रेडिटें संपतात व त्यांचा नव्यानें लिलाव होतो. नदींत ठिकठिकाणीं मापयंत्रें बसविलेलीं असल्यामुळें वादास जागा उरत नाहीं. बागाइतदाराच्या हातीं यांत पैसा पडत नाहीं, परंतु आपल्या पंपांत येणाऱ्या पाण्याची खात्री पडते.

मापाची अडचण

हंटरचा क्षार यंत्रानें मोजतां येतो. शेतांतील स्फुरद तसा मोजतां येत नाहीं. या पद्धतीची खरी दुबळी बाजू हीच होय. ओहायोंतच ईरी सरोवराच्या बाजूस, मियामीहून निराळ्या पाणलोटांत, याचा कडू अनुभव आला आहे. तेथील शेतकऱ्यांनीं नांगरट सोडून देऊन मातीची धूप पुष्कळ कमी केली, व मातीस चिकटून जाणारा स्फुरदही घटला. परंतु १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून पाण्यांत विरघळलेला स्फुरद वाढत चालल्याचें नदीच्या पाण्याच्या नित्य तपासणींत आढळून आलें. नांगरट नसल्यामुळें वर फेंकलेलें खत वरच्याच थरांत सांचतें, आणि जमिनीखालीं घातलेल्या निचऱ्याच्या नळांतून तें विरघळून निघून जातें, हें त्याचें एक मोठें कारण मानलें जातें. विरघळलेला स्फुरद शेवाळास लगेच लागू पडतो. ऑगस्ट २०१४ मध्यें टोलेडो शहराच्या पाण्यांत शेवाळाचें विष उतरल्यामुळें चार लाखांहून अधिक लोकांस दोन-तीन दिवस नळाचें पाणी पिण्याची मनाई झाली होती.

यावरून असा बोध घ्यावयाचा कीं, मातीची धूप थांबली म्हणजे मळ थांबलाच असें समजून क्रेडिट देणें धोक्याचें आहे. जो माल विकावयाचा तोच मोजला पाहिजे. शिवाय जमिनींत व नदीच्या गाळांत वर्षानुवर्षें सांचलेला स्फुरद पुढेंही सावकाश सुटत राहतो. म्हणून आज केलेल्या कामाचें फळ नदींत दिसण्यास पुष्कळ वर्षें लागतात. खरेदीदार उतावीळ असेल तर त्याची निराशा व्हावयाची.

आणखी एक आक्षेप न्यायाचा आहे. क्रेडिट मिळतें तें नव्या बदलास. ज्यानें पंचवीस वर्षांपूर्वींच बांध घातले, गवत राखलें व खत जपून वापरलें, त्यास कांहींच मिळत नाहीं. आणि ज्यानें शेत वाहूं दिलें तो आज सुधारून पैसे घेतो. यावर कांहीं ठिकाणीं असा तोडगा काढतात कीं, प्रत्येक शेतानें अमुक इतकें काम स्वतःच्या खर्चानें केलेंच पाहिजे, व त्यापुढील कामासच क्रेडिट मिळावें. परंतु ही पायरी फार उंच केली तर विक्रेतेच येत नाहींत, आणि फार खालीं आणली तर चांगल्या शेतकऱ्यावर अन्याय होतो.

पाणलोटाच्या कामावर परिणाम

हे दोष ध्यानांत घेऊनही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ज्या ठिकाणीं असा सौदा नीट झाला तेथें नदीकडे पाहण्याची दृष्टि बदलली. पूर्वीं शहराचा एंजिनियर आपल्या गटाराच्या तोंडापलीकडे पाहत नसे, व शेतकरी आपल्या शेवटच्या बांधापलीकडे पाहत नसे. सौद्यामुळें दोघांस एकाच नकाशावर बसावें लागलें. कोणत्या ओढ्यांतून किती मळ येतो, कोणत्या उतारावर पहिल्यानें काम करावें, हें ठरवावें लागलें. आणि यंत्रांत जाणारा पैसा मातीच्या संधारणांत आला. गवताच्या पट्ट्यानें केवळ स्फुरद अडत नाहीं; माती राहते, पाणी मुरतें, गुरांस चारा होतो. यंत्रानें शुद्ध केलेल्या पौंडास हे जोडफायदे नाहींत.

आपणांस घेण्यासारखें काय

आपल्याकडे १९७४ च्या केंद्रीय कायद्यान्वयें कारखान्यांस व शहरांस सांडपाणी सोडण्याकरितां संमति घ्यावी लागते. महाराष्ट्रांत २००५ च्या जलसंपत्तीच्या नियमनाच्या कायद्यांत पाण्याच्या वांट्याच्या हस्तांतरणाची तरतूद आहे. परंतु तो प्रश्न किती पाण्याचा आहे, कशा पाण्याचा नाहीं. शुद्धतेचा सौदा उद्यां कोणी आपल्यापुढें मांडला तर पुढील गोष्टी पाहूनच हात पुढें करावा.

पहिली, मर्यादा लेखी व पक्की आहे काय? नसल्यास गिऱ्हाईक दोन वर्षांत निघून जाईल, आणि शेतांत घातलेलें भांडवल आपल्या अंगावर पडेल. दुसरी, मध्यस्थ कोण? गांवच्या माणसांस ओळखणारी व त्यांस जाब देणारी संस्था असेल तरच करार करावा. तिसरी, माप कोणाचें व कसें? हिशेबाची प्रत आपल्या हातीं असावी, व काम फसल्यास जबाबदारी कोणाची हें करारांत स्पष्ट असावें. चौथी, सौद्याच्या आडून शहरानें किंवा कारखान्यानें आपल्याच गांवाजवळ अधिक घाण सोडण्याची मोकळीक तर घेतली नाहीं ना? एकंदर नदी सुधारली, पण आपल्या घाटावरचें पाणी बिघडलें, असा सौदा कामाचा नाहीं.

सौदा येवो वा न येवो, त्याचा माल मात्र आजच तयार करून ठेवण्यासारखा आहे. स्फुरदाकरितां माती तपासून घ्यावी, व जमिनींत तो पुरेसा असेल तर खत कमी करावें. मोठा पाऊस तोंडावर असतां खत फेंकूं नये. तें पेरून मातीआड करावें. उताराच्या शेतांस समतल बांध घालावे, व ओढ्याच्या कांठीं गवत राखावें. उकिरड्याचा पाझर ओढ्यास जाऊं देऊं नये. केलेल्या कामाची तारीखवार नोंद वहींत ठेवावी. कारण उद्यां बाजार उघडलाच तर नोंदीवांचून माल सिद्ध करतां येणार नाहीं. आणि बाजार न उघडला तरीही नुकसान नाहीं: जो स्फुरद नदींत गेला नाहीं तो आपल्याच शेतांत राहिला, व त्याची किंमत पिकाकडून वसूल होईल.